जेल घट्ट होईना

३० सप्टेंबर
आजही पाणीच! बाटली उलटी केली की जेल तळाला चिकटून राहायला हवं. आमचं ओघळतं. जेलच्या पोटात औषध ठेवायचं आणि ते शरीरात दहा दिवस हळूहळू सुटायचं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. फेलोशिप नोव्हेंबरअखेर संपते. जेल नाही तर मुदतवाढ नाही — माझे गाइड व्यासराज सर स्पष्टच म्हणाले.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. लॅब सांभाळणाऱ्या अंबुबाईंनी यंत्रं पुसून कुंकू लावलं, झेंडू घातले, दारात कोहळा फोडला. माझ्या बाटल्यांची एक अख्खी पेटीही धुऊन वाळवली. एक दिवस फुकट.

४ ऑक्टोबर
घट्ट!!! बाटली उलटी धरून पाच मिनिटं उभी होते. अंबुबाईंच्या मते चामुंडी देवीनं ऐकलं. मी हसले. म्हैसूरपाक मात्र आणला.

८ ऑक्टोबर
दुसऱ्या पेटीतल्या बाटल्यांत पुन्हा पाणी. पूजेच्या पेटीत दर वेळी घट्ट. आता मलाच नवस बोलावा लागणार!

९ ऑक्टोबर
अंबुबाईंना विचारलं, कशानं धुतल्या?
"पूजेला मशीनचं पाणी चालत नाही, नोडी, बघा ताई. नळाच्या कावेरीनं धुतल्या."
नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम! पाणी वाळलं, ते काचेला राहिलं, त्यानं जेल धरलं. आणि मी दोन वर्षं डिस्टिल्ड पाण्याचं सोवळं पाळत बसले. सर तर निकाल चार ठिकाणी सांगून बसलेत. उद्या सांगायचंय.

१० ऑक्टोबर
सांगितलं. सरांनी बाटली उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "शरीरात कुठे डिस्टिल्ड पाणी असतं?"
खरंच की! कॅल्शियम अंगात असतंच. सुईतून पातळ जाईल, आत गेल्यावर घट्ट होईल. हवं होतं तेच. मुदतवाढीचं पत्र सर स्वतः लिहिणार. घरी येऊन रडले.

१३ ऑक्टोबर
फ्रीजमधले सगळे फसलेले नमुने काढले. एकेकात कॅल्शियमचा थेंब. चार तसेच राहिले. पाचवा घट्ट, माझ्या जेलहून घट्ट. झाकणावर रक्षितचं नाव.
रक्षित माझा ज्युनियर. मार्चमध्ये मीच त्याला म्हटलं होतं, हे तुझ्याच्यानं जमायचं नाही. त्यानं पीएचडी सोडली. आता लष्कर मोहल्ल्यात मामाच्या बॅटरीच्या दुकानात बसतो.

१४ ऑक्टोबर
दुकानात गेले. सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे माझं बरोबर होतं, अक्का?"
हो म्हटलं. पिशवीतून त्याच्या नावाची बाटली काढली आणि त्याच्यासमोर उलटी धरली.