सहा तारे, नऊ इंच

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, भावना आडवी झाली असं समज.) तुझं पत्र पोचलं. तुझी पाठ, तुझा रक्तदाब आणि भावोजींचे नवे दात, सगळं सविस्तर वाचलं. पाठीला शेक दे. भावोजींना सांग की दातांची सवय ते तोंडात ठेवल्याने होते, वाटीत ठेवून नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. बिघडलं आहे ते माझं डोकं, आणि त्याला तीन माणसं जबाबदार आहेत. त्यांतली एक तू आहेस. पण मी क्रमाने येते. आपल्याला तसंच शिकवलं होतं.

आधी टेबलाचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पो येणार आणि आईचं जेवणाचं टेबल तुझ्या चिरंजीवांच्या नव्या घरी जाणार, असं तू लिहिलंस आणि मी उलट टपाली 'हो' कळवलं. मी शब्द फिरवणारी बाई नाही. टेबल थोरलीला, असं आई म्हणाली तेव्हा मी त्याच टेबलाशी मटार सोलत बसले होते, त्यामुळे ऐकलं नाही असंही म्हणता येत नाही. तुमच्या त्या वेळच्या जिन्याच्या वळणातून ते वर जाईना, म्हणून 'तात्पुरतं' माझ्याकडे आलं. त्याला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत मी त्यावर जेवले, ऑफिसचे नकाशे पसरले, आजारपणात डोकं टेकलं आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ त्यावर ठेवून त्याच्याकडे एक तासभर बघत बसले. एकटीला सहा फुटी टेबल कशाला हवं, हे तुझ्या सूनबाईंचं म्हणणं मला फोनवर ऐकू आलं. (फोन बंद झाला की नाही हे पाहून मग बोलावं, असं तिला कोणीतरी सांगायला हवं.) तिचं खरंच आहे. एका ताटाला दीड फूट पुरतो. उरलेल्या साडेचार फुटांचं मी काय करते, हा माझा प्रश्न आहे.

तर टेबल जाणारच आहे, मग ते उघडंबोडकं जाऊ नये म्हणून मी त्याच्यासाठी रनर शिवायचं ठरवलं. रनर म्हणजे टेबलाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायची लांब पट्टी. आपल्या लहानपणी असलं काही नव्हतं, कारण त्या जागी भांडी असत. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी त्याचा वर्ग भरतो: तुकडे जोडून ताऱ्यांचा रनर, सहा बुधवारांत. शिकवणारी मुलगी तीसेक वर्षांची. तिच्या हातात कायम एक पारदर्शक पट्टी असते, बोलतानाही ती पट्टीनेच हातवारे करते, म्हणून मी तिला मनात इंचपट्टी म्हणते. जबाबदार माणूस क्रमांक एक ती हीच. तिने पहिल्याच दिवशी मला 'आजी' म्हटलं. मी सांगितलं, मी कोणाची आजी नाही.

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हण. चौतीस वर्षं लोक तेच म्हणत होते."

"बरं, मॅडम आजी."

आता सगळा वर्ग मला मॅडम आजी म्हणतो. वाचनालयाचा शिपाईसुद्धा.

आराखडा मात्र मी माझ्या पद्धतीने केला. बाकीच्या बायका तयार छापील कागद घेऊन बसल्या. मी चौकटीचा कागद, टोकदार पेन्सिल आणि तीन रंग घेऊन बसले. पाणीपुरवठा खात्यात नुसती सही करायला गेले नव्हते मी. या गावात नळ सोडल्यावर जे पाणी येतं ते माझ्या रेषांवरून वळणं घेत येतं, आणि आजवर कोणाच्या स्वयंपाकघरात चुकीच्या बाजूने आलेलं नाही. मध्ये एक चौकोन, त्याच्या चारी बाजूंना दोन-दोन टोकं, असा आठ टोकांचा तारा. एक तारा बारा इंचांचा, असे सहा तारे, म्हणजे सहा फूट. टेबल सहा फूट. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की इंचपट्टीने त्याचा फोटो काढला. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

कापड मी दुकानातून आणलं नाही. दुकानात हल्ली नव्या कापडाचे मुद्दाम जुने दिसणारे तुकडे फीत बांधून विकतात. माझ्याकडे खरंच जुनं कापड असताना मी खोटं जुनं का घ्यावं? ट्रंक उघडली. बाबांचे दोन पांढरे शर्ट, पुढच्या खोलीचा मोहरीच्या रंगाचा पडदा आणि शाळेची दोन निळी ट्युनिक. त्यांतलं एक तुझं आणि एक माझं, म्हणजे खरं पाहता दोन्ही तुझीच. दोन वर्षं तू घालायचीस आणि मग ते माझ्यावर उतरायचं. नवं कापड अंगाला कसं लागतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं. असो. ताऱ्यांची टोकं निळी, मधला चौकोन पडद्याचा, आजूबाजूला बाबांचे शर्ट. तुला न विचारता कापलं, पण त्या ट्युनिकमध्ये आता तुझा एक हातही शिरला नसता.

इथवर सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या बुधवारी इंचपट्टी म्हणाली, "सगळ्यांनी लक्ष द्या. शिवण पाव इंच, म्हणजे टाका कडेपासून पाव इंच आत. तुकडे पाव इंच धरूनच कापलेत."

ताई, पाव इंच. तुला आपल्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर आठवत असतील. त्या वाकल्या की आपल्या मानेला टोचणारा त्यांच्या चष्म्याचा दोरा आठवत असेल आणि ती लाकडी पट्टीसुद्धा. शिवण अर्धा इंच. बोटाच्या पेराशी पट्टी लावून त्या मोजायच्या आणि कमी भरली की उसवायला लावायच्या. अर्ध्या इंचाहून कमी शिवण घेणारी मुलगी पुढे आयुष्यात सगळंच काठावर करते, असं त्या म्हणायच्या. मी सात वेळा उसवलेला एक उशीचा अभ्रा अजून माझ्याकडे आहे. त्या अभ्र्याला आज ओढून बघ, फाटणार नाही. मग कालपरवाच्या एका पोरीने पट्टी हलवत 'पाव' म्हटलं म्हणून मी पाव घ्यावा? मी वर्गात मान डोलावली आणि घरी येऊन अर्धा इंच घेतला. वर प्रत्येक शिवणीची जादा कड सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे नीट कातरून टाकली, म्हणजे उसवून परत पाव करायचीही सोय उरली नाही. (कागदावर 'पाव इंच' असं लिहिलेलं होतं, हे मी नाकारत नाही. पण का, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या खात्यात असा आदेश आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.)

पाचव्या बुधवारी सहाही तारे जोडून नेले. सगळ्या बायकांनी आपापले रनर भिंतीला टाचले. त्यांच्या ताऱ्यांना टोकं होती. माझ्या ताऱ्यांची टोकं शिवणीत गेली होती. जिथे अणी हवी तिथे गोलसर बोथटपणा आला होता, भावोजींच्या जुन्या दातांसारखा. इंचपट्टी समोर उभी राहून म्हणाली, "अय्या मॅडम आजी, तुमची फुलं किती गोड आलीत."

मी फुलं काढली नव्हती. चौकटीच्या कागदावर, टोकदार पेन्सिलने, मी तारे काढले होते. तिच्याकडे त्याचा फोटो आहे.

जबाबदार माणूस क्रमांक दोन म्हणजे खालच्या मजल्यावरचे इन्स्पेक्टर. वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, पण पोलादी टेप खिशातून निवृत्त झालेली नाही. रोज चार वाजता चहाला वर येतात आणि बिस्किट बुडवण्याआधी ते पूर्वीएवढं मोठं राहिलं आहे का ते पाहतात. त्या दिवशी रनर टेबलावर अंथरलेला दिसला. मी नको म्हणेपर्यंत टेप बाहेर.

"त्रेसष्ट इंच," ते म्हणाले. "नऊ इंच कमी आहेत, बाई."

"तुमची टेप जुनी झाली असेल."

"टेपवर सरकारी शिक्का आहे."

"माझ्या नकाशांवरही होता."

मग त्यांनी एका ताऱ्याला टेप लावली. साडेदहा. प्रत्येक तारा दीड इंचाने आखूड. सहा ताऱ्यांचे नऊ. हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, मला, जिने कागदावर तलाव मोजले आहेत. वर समजूत काढायला म्हणतात, "आखूडच बरा दिसतो. तेवढंच टेबलाचं लाकूड दिसतं." मी म्हटलं, लाकूड दिसू नये म्हणूनच तर, आणि पुढचं चहाबरोबर गिळलं. सातवा तारा जोडायला निळं कापड उरलेलं नाही. आपली शाळा संपली, ताई.

आता क्रमांक तीन. परवा फोनवर हे सगळं मी तुला थोडक्यात सांगितलं, तर तू सहानुभूती दाखवण्याऐवजी हसलीस. आणि हसता हसता म्हणालीस, "अगं, मी कधीच अर्धा घेतला नाही. सिस्टर चष्मा विसरल्या की मी पावाने शिवून टाकायची." इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस. शिवणाचं बक्षीस तुला मिळालं होतं. मला अभ्रा मिळाला. ज्या पाव इंचाने तू टाळ्या मिळवल्यास त्याच पाव इंचाने या वयात माझी फुलं केली. त्यावर फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता.

असो. मनात काही ठेवत नाही, सगळं लिहून झालं आहे. टेम्पो येईल तेव्हा टेबल पुसून तयार ठेवते. सूनबाईंना सांग, पायांवर चादर गुंडाळून उतरवायला लावावं, दाराकडचा डावा पाय आधीपासून हलतो, त्याखाली पुठ्ठा ठेवायचा असतो आणि पुठ्ठा दर पावसाळ्यानंतर बदलायचा असतो. रनर सोबत पाठवते. भावोजींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. रनर मधोमध ठेवला तर दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार इंच मोकळे राहतात, आणि ते शोभतं असं सगळे म्हणतात. मी मात्र तो पार खिडकीकडे सरकवून ठेवला आहे. तिकडेच असू दे.

ता. क. २. कारण विचारशीलच. प्रत्येक शिवण इस्त्रीने दाबायची, हे इंचपट्टीचं एक म्हणणं मी ऐकलं. टेबलावर चादर घडी करून इस्त्री करत होते, तेवढ्यात इन्स्पेक्टरांनी बेल वाजवली, चार वाजायला दोन मिनिटं असताना. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला लाकडावर आता इस्त्रीच्या आकाराचा एक तपकिरी डाग आहे. मुद्दाम केलेलं नाही. सिस्टरांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: खोटं बोलू नये आणि तापलेली इस्त्री उभी केल्याशिवाय हात सोडू नये. त्यांतली एकच माझ्याकडून मोडली गेली आहे.

ता. क. ३. रनर खिडकीकडे सरकवला की दाराकडचे नऊ इंच उघडे पडतात. तिथली फळांची परडी मी एकतीस वर्षांत हलवली नाही, पण ती माझी आहे, टेबलासोबत येणार नाही. परडीखाली काय आहे हे तू विसरली असशील. मी नाही, कारण कर्कटक माझ्या कंपासपेटीत सापडलं आणि तीन रविवार आईने मला घरात बसवलं. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे, सुरेख खोल कोरलेलं. शेजारी दुसरं एक अक्षर आहे. ते भावोजींच्या नावात, आडनावात, त्यांच्या वडिलांच्या नावातही नाही. मी तपासून पाहिलं. सूनबाई चौकस आहे, फोनवरून लक्षात आलं.

ता. क. ४. तेव्हा परिस्थिती अशी आहे. रनर एकाच टोकाला पुरतो. तुझं झाकलं तर माझं दिसतं आणि माझं झाकलं तर तुझं. तुमच्या त्या जिन्यातून तीन दारांचं कपाट वर गेलं होतं, ते मी खाली उभी राहून पाहिलं होतं, आणि तरी टेबल जात नाही हे मी एकतीस वर्षं एका शब्दाने न विचारता मान्य केलं. चिरंजीवांच्या घरालाही जिना असेलच. तिथूनही ते जात नाही असं सूनबाईंना कळव.

आणि रविवारी टेम्पोऐवजी तू ये. तू दाराकडे बस, मी खिडकीकडे बसते. ज्याचं त्याने आपापल्या ताटाखाली झाकावं. मधल्या जागेला रनर पुरून उरतो.