जो जाईल तो पंप मारील

प्रिय चिंगे,

कागद ओलसर लागला तर आई रडली असं समजू नकोस. या बोटीवर कोरडं असं काही उरलेलंच नाही. गादी ओली, उशी ओली, टॉवेल तर दमटपणाचं आगर. मिठाचा असा काही थर सगळ्यावर बसलाय की काल चष्मा पुसायला घेतला तर काच आणखी धुरकट झाली. मी जन्मभर फळ्यावर उष्ण कटिबंधातली बेटं काढली, व्यापारी वाऱ्यांचे बाण काढले, पोरांकडून पाठ करून घेतले. त्या बाणांना असा वास असतो हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. डिझेल, कुबट कपडे, कालचे मासे आणि चार माणसांचा घाम, असा तो वास आहे. तो आता माझ्या केसांत मुरलाय. घरी आल्यावर पहिले दोन दिवस मला दारातच उभं करा.

तरी तक्रार कोणाकडे करू? मी आपल्या पायांनी आले. तू म्हणालीस, आई, हिवाळी सुट्टीत त्याच्या घरचे लोक दरवर्षी शिडाच्या बोटीने बेटांवर जातात, यंदा त्यांनी आपल्यालाही बोलावलंय, मला जनावरांच्या दवाखान्यातून सुट्टी नाही, पण तू जा. त्यांच्यात राहा, त्याला जवळून बघ, आणि परत आल्यावर तू हो म्हणालीस की मी त्याला हो म्हणते. पूर्वी मुलाकडची माणसं मुलगी बघायला यायची, खाऊन-पिऊन जायची. आता मुलीची आई मुलगा बघायला समुद्रात जाते आणि खाल्लेलं सगळं समुद्राला देऊन येते. तुझे बाबा हुशार. ऐन वेळी गुडघा पुढे केला आणि घरी राहिले.

पहिल्यांदा कप्तानाचं सांगते, म्हणजे तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं. एरवी फर्निचरच्या दुकानात बसणारा माणूस, पण बोटीवर पाऊल ठेवलं की त्याला कप्तान म्हणायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसं आहे सगळं. बाहेरून बोट पांढरीशुभ्र, आणि आत स्वयंपाकाच्या ओट्याखाली झुरळं नांदताहेत. कप्तान दिवसभर उघड्या पोटाने हिंडतात. सकाळी सुकाणूपाशी बसून पायाची नखं कापतात, आणि ती वाऱ्याने उडून चहाच्या कपात येतात. मासा पकडला की डेकवरच चिरतात, आणि मग त्याच सुरीने लोणी लावलेला पाव मला आग्रहाने देतात. मी पाव हातात धरून क्षितिजाकडे बघत बसते आणि कोणाचं लक्ष नसलं की माशांना देते. तेवढीच माशांची परतफेड.

आणि आता संडासाचं. नाक मुरडू नकोस, तू गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई. बोटीवरचा संडास म्हणजे कपाटाएवढी खोली. त्यात एक भांडं, आणि भांड्याशेजारी एक दांड्याचा पंप. काम झालं की खटका एकीकडे फिरवायचा, दंडात गोळे येईपर्यंत पंप मारायचा, म्हणजे समुद्राचं पाणी आत येतं. मग खटका दुसरीकडे, पुन्हा पंप, म्हणजे सगळं बाहेर जातं. कंटाळा केलास तर ते तिथेच राहतं, आणि बोट हलली की तेही हलतं. पहिल्याच दिवशी कप्तानांनी आम्हाला ओळीने बसवून भाषण दिलं. बोटीवर नोकर नाही, मालक नाही, बाईमाणूस-पुरुषमाणूस नाही; जो जाईल तो पंप मारील. मला भाषण फार आवडलं. म्हटलं, घर सुधारलेलं दिसतंय. त्याच संध्याकाळी मी मनातल्या मनात तुझ्या लग्नाला निम्मा होकार देऊन टाकला होता.

तुझ्या राजहंसाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. लांब मानेचा, देखणा, पहिल्या दिवशी आपल्याकडे चहाला आला होता तसाच अजूनही स्वच्छ. चौघांत तोच एक स्वच्छ कसा राहतो, हे कोडं मला सुरुवातीला उलगडेना. बोटीतून उतरताना हात देतो, पाण्याखालचे मासे दाखवतो, माझ्या भूगोलाचं कौतुक करतो. गातोही बरा. पाण्यात सूर मारतो तेव्हा तर डोळ्यांचं पारणं फिटतं. तू का भुललीस ते मला कळतं, मीही आठवडाभर भुललेच होते.

विहीणबाईंचं मात्र मला काही समजेना. बारीकशी, हसरी बाई, सारखी काहीतरी पुसत असते. आणि सारखी त्या कपाटात जाते. आत्ता जाऊन आली, की थोड्या वेळाने पुन्हा. आतून पंपाचा आवाज, मग कपाळावरचा घाम पुसत बाहेर. मला बिचारीची दया आली. या वयात लघवीचा त्रास चारचौघांत सांगता येत नाही, हे मी जाणते. म्हणून एकदा तिला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात, मी माझ्याजवळच्या गोळ्या दिल्या आणि पाणी कसं प्यायचं तेही सांगितलं. तिने आधी गोळ्यांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग फार आभार मानले, आणि माझ्यासमोर एक गोळी गिळलीसुद्धा.

त्याच दिवशी जेवताना राजहंसाने तुझा फोटो सगळ्यांना दाखवला, तो तुझा गमबूट घातलेला, कोपरापर्यंत चिखलाचा. म्हणाला, "मम्मी, आता तुला रिटायरमेंट. हिला कशाचीच किळस येत नाही." कप्तान टेबलावर थाप मारून हसले. मीही हसले, लेकीचं कौतुकच वाटलं. विहीणबाई उठून ताटल्या गोळा करायला लागल्या. अजून माझं जेवण व्हायचं होतं, तरी माझीही ताटली नेली.

मग आम्ही या खाडीत येऊन नांगर टाकला. चित्रातली जागा. पांढरी वाळू, वाकलेली झाडं, काचेसारखं निळं पाणी. फक्त आमच्यासारख्या सुट्टीवर आलेल्या इतक्या बोटी इथे उभ्या आहेत की एकीवरचं भांडण दुसरीवर ऐकू येतं. आणि प्रत्येक बोटीत तसंच एक कपाट, तसाच एक पंप. ते सगळं जातं कुठे? त्याच काचेसारख्या निळ्या पाण्यात, ज्यात लोक गुळण्या करत पोहत असतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तशी दुरून बेटंही साजरीच. मी पाण्यात पाय घालायचं सोडलं.

इथे आल्यावर विहीणबाईंना ताप भरला. त्या पांघरूण घेऊन पडून होत्या आणि मी त्यांच्या उशाशी ओला रुमाल घेऊन बसले होते. राजहंस शीळ घालत कपाटात गेला आणि शीळ घालतच बाहेर आला. मध्ये पंप वाजलाच नाही. मला वाटलं, विसरला असेल. पण तेवढ्यात ही बाई तापाने लटपटत उठली, भिंतीला धरत धरत तिकडे निघाली. मी म्हटलं, अहो, आत्ताच तर जाऊन आलात. ती थांबली. तिने दाराची कडी धरली, मी दार धरलं, आणि त्या बोळात आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. आत भांड्यात काय होतं ते दोघींनाही दिसत होतं. चिंगे, त्या क्षणी मला जी शिसारी आली ती वासाची नव्हती. तीस वर्षांचा घोडा, आणि त्याची आई तापात उठून त्याचं वाहून टाकते आहे. आणि तिला आला आहे तो राग नाही, माझ्यासमोर उघडं पडल्याची लाज. मी तिला पुन्हा झोपवलं आणि पंप मी मारला. प्रत्येक फटक्याला मी त्याला एक शिवी दिली. भूगोलाच्या बाईंना इतक्या शिव्या येतात हे मलाच नवीन होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते पोटात घातलं असतं. लाडावलेला आहे, लग्नानंतर सुधारेल, असं आपण म्हणतोच. पण काल संध्याकाळी ते कपाट तुंबलं. त्यात कागद टाकायचा नाही हा दुसरा नियम, आणि कोणीतरी अख्खा गठ्ठा कोंबला होता. घाण उलटी वर आली, जमिनीवर आली, बोटीत उभं राहवेना. कप्तान नाकाला रुमाल लावून म्हणाले, बायकांपैकीच कोणीतरी टाकला असणार. राजहंस तिथेच उभा होता. तुंबायच्या आधी शेवटचं आत कोण गेलं होतं ते मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलं हे त्याला ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, बोल बाबा, आता तरी बोल, एवढं बोललास तरी मी माझ्या लेकीला हो सांगेन. तो मूग गिळून खिडकीतून बाहेर बघत राहिला. आणि विहीणबाई म्हणाल्या, माझ्याकडूनच पडला. कप्तानांनी त्यावर चांगलं भाषण दिलं. मग बाप-लेक छोटी होडी घेऊन मावळता सूर्य बघायला गेले. जाताना राजहंसाने मला विचारलं, "काकू, तुम्हीही येता का? इथे फार वास आहे."

मी गेले नाही. आम्ही दोघींनी तो पंप खोलला. हातमोजे नव्हते, पावाच्या पिशव्या हातांना बांधल्या आणि त्या लगेच फाटल्या. काय काय हाताला लागलं ते लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. मी मध्ये एकदा बादलीत ओकले. ही बाई मात्र शांत, कुठला स्क्रू कुठे ते तिला पाठ. एवढ्यात तिला हसू फुटलं. म्हणाली, बाई, तुमच्या त्या गोळ्यांनी मला खरंच सारखं जावं लागायला लागलं होतं. मग मीही हसले, कोपरापर्यंत घाणीत हात घालून दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मला आपली मोरी आठवली. तुंबली की तुझे बाबा तासभर कुरकुर करतात, देवापासून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात, पण बाही वर करून हात तेच घालतात. त्यांनाही किळस येते, म्हणून तर कुरकुर करतात. तुला लहानपणापासून कशाची किळस नाही. याचा मला अभिमान होता आणि आता भीती वाटते आहे. ज्याला किळस येत नाही त्याच्याच वाट्याला जग घाण ढकलतं, आणि वर कौतुक करतं. थोडी किळस ठेव बाई. गाईंपुरती नको, माणसांपुरती ठेव.

घरी येऊनच हे सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. फोन करायचा तर डेकवर उभं राहून ओरडावं लागतं, आणि या बोटीत तर शिंकलेलंही सगळ्यांना कळतं. पण पंप पुन्हा बसवून झाल्यावर विहीणबाई डोकं खाली घालूनच बोलल्या. "बाई, मला सून हवीय हो. बोलायला कोणी नाही मला घरात. आणि तुमची पोर मला इतकी आवडलीय, की आमच्याकडे नका देऊ तिला." मग स्वतःच कप्तानांच्या नकाशांच्या खणातून हा कागद काढून आणला. म्हणाल्या, आत्ताच लिहा, आपण घरी पोचेपर्यंत माझं मन फिरेल आणि मीच तुम्हाला गळ घालीन. पत्र आपल्याआधी पोचेल, आपल्याला वारा लागतो, पत्राला विमान आहे. तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे, चिंगे, आणि ते एकटीचं नाही, आम्हा दोघींचं आहे. पुढे तू ठरव. आता उजाडलंय, ती चपला हातात घेऊन शिडीपाशी उभी आहे, छोट्या होडीने किनाऱ्यावरच्या पोस्टात टाकायला स्वतः निघालीय. काय लिहिलंय ते वाचायचं नाही म्हणते, पाकीट चिकटवूनच द्या. मघापासून तीन वेळा साबणाने हात धुऊन आली. तुला जाणाऱ्या पत्राला तिच्या हातांचा वास लागायला नको, म्हणाली.

तुझीच, मिठात मुरलेली,
आई