हेडलाइटमधलं पाणी

गल पॉइंट, न्यूफाउंडलंड
३ नोव्हेंबर १९९८

ती. हुबर्टदादास,
शि. सा. न. वि. वि.

मरीनावहिनी बरी आहे. पाय सुजलेत, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ महिनाअखेरीस येईल, कळा सुरू होताच निघा. इस्पितळापर्यंत सगळी झाडीच, आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर ती घोड्याएवढी मूस-हरणं. शेजारच्या सायलसच्या गाडीवर परवा एक आदळलं. अख्खं धूड काचेतून मांडीवर आलं. सायलस वाचला, गाडी गेली.

आणि तुझ्या गाडीचे हेडलाइट! बाहेरून पिवळट, आतून घामेजलेले. उजेड बॉनेटपुढे सरकतच नाही. मी दिव्यांच्या पाठीमागची बारीक भोकं शोधून होडीच्या फटी बुजवायची लांबी त्यांत नीट भरली. थेंब शिरायला जागा ठेवली नाही. तरी सकाळी आत जास्तच पाणी! येतं कुठून? वहिनी म्हणते, आता त्यात मासे सोड. मला हसू येत नाही. या दिव्यांवर तिला कशी नेऊ?

उत्तर लगेच धाड. आपल्या मायेतला,
लिअँडर


अल्बर्टा, कामगार छावणी
११ नोव्हेंबर

चि. लिअँडर यास,
अ. आ.

अरे शहाण्या, भोक दिसलं की बुजवायचं, हे होडीला ठीक! ती भोकं दिव्याला श्वास घ्यायला ठेवलेली असतात. तापला की हवा बाहेर, गार झाला की आत. तू त्याचं नाक दाबलंस, ओल आतच कोंडली.

लांबी खरवडून काढ. दिवे उतरव, आत तुझ्या वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर मंद धर. मागचं रबर चिरलं असेल तर नवं बसव. बाहेरून पाणी मारत बारीक पॉलिशपेपरने घास. पिवळं पाणी जाऊन पांढरं आलं की पॉलिश लाव.

मला सुट्टी नाकारली. मुकादम म्हणाला, बाळंतपण तुझं आहे का? इथे पडल्यापडल्या तोच रस्ता डोळ्यांपुढे येतो. तिला सांभाळून ने, बाळा. त्या दोघांत जीव अडकला आहे.

तुझा दादा,
हुबर्ट


गल पॉइंट
२७ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपार कलताना कळा सुरू झाल्या. निघेपर्यंत अंधारलं. दादा, उजेड इतका लांब जातो हे मला ठाऊकच नव्हतं! खोडांवरचं शेवाळसुद्धा दिसत होतं.

मोठ्या वळणापुढे रस्त्याचा एक तुकडा जरा जास्तच काळा वाटला. ब्रेक दाबला. मूसची मादी. खांदा आपल्या टपाच्या वर. मी भोंग्याकडे हात नेला, तो वहिनीने धरला. कळ सोसत म्हणाली, थांब, तिचं पिल्लू मागे आहे. खरंच झाडीतून वासरू आलं, बर्फावर घसरलं, पाय फाकले, पुन्हा उठलं. तोवर आई उजेडात उभी. तिच्या नाकपुड्यांतून वाफ वर चढत होती आणि ती आमच्याकडे बघत होती. घाबरलेली नाही, रागावलेली नाही. एवढं मोठं, एवढं शांत काही मी देवळातही पाहिलेलं नाही. दोघं गेल्यावरही माझा पाय ब्रेकवरच. वहिनीने विचारलं, तू चालवतोस की मी येऊ तिकडे?

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने तिला आधी माझ्याच हातात दिलं, बाप समजली. मी खरं सांगितलं, पण परत द्यायला जरा उशीर केला. माफ कर.

तिचा पहिला पापा तुझ्यासाठी राखून ठेवला आहे, लवकर ये.

तुझा,
लिअँडरकाका