सदुसष्ट पुस्तकांची बिनचूक यादी

सांता एदुविहेस,
७ फेब्रुवारी १९५५

ती. लिगियाताईस,
धाकट्या ओतोनिएलचा सा. न., वि. वि.

तुझं पत्र आणि खारवलेली मासळी एकाच पुडक्यातून पोचली. मासळी उत्तम होती. पत्र तुझी भावजय अम्पारो हिने दोन दिवस वाऱ्यावर टांगलं आणि मग मला दिलं.

इकडची बातमी अशी, की काल रविवारी फादर ओब्दुलिओंनी मिस्सा संपताना एक यादी वाचली. एकतीस पुस्तकं. ती विकणं, घेणं, घरात ठेवणं आजपासून पाप. यादी सद्वाचन मंडळाची, म्हणजे नोटरींच्या पत्नी दोन्या क्लोतिल्दे आणि त्यांच्या चार मैत्रिणींची. सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. बघणारच, गावात पुस्तकांचं दुकान एक, आणि ते बावीस वर्षं माझं.

यादी दारावर लावली तेव्हा मी पेन्सिल घेऊन गेलो. ताई, असा कागद मी जन्मात पाहिला नाही. सत्तावीस पुस्तकांचे लेखक चुकलेले. उरलेली चार पुस्तकं जगात कुठे छापलेलीच नाहीत. ‘राणीचे अनेक नवरे’ हे मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आहे. सत्तर आकृत्या आहेत त्यात. आणि ‘बंदरातली विधवा’ ही कादंबरी एका दिवंगत बिशपांच्या नावावर घातली आहे. त्या बिचाऱ्यांनी हयातभर उपासावर प्रवचनं लिहिली.

आज सकाळी दोन्या क्लोतिल्दे यादी घेऊन स्वतः आल्या. प्रत्येक कपाट ताडून पाहिलं. लेखकाच्या नावाने शोधत होत्या, त्यामुळे एकही सापडलं नाही. तुमचं दुकान अगदी स्वच्छ आहे हो, म्हणाल्या, कॉफी घेतली आणि गेल्या. ‘विधवा’ त्यांच्या कोपराला लागून होती, दोन्ही भाग.

औषधवाला एलिआसार आणि मास्तर गिल्देर्दो हे ऐकून पोट धरून हसले. मला काही हसू येईना. एवढ्याशा कागदात इतक्या चुका, आणि वर चर्चचा शिक्का.

लोभ आहेच, सल्ले थोडे कमी केलेस म्हणून तो आटणार नाही.
तुझा,
ओतोनिएल


बारांकिया,
१५ फेब्रुवारी १९५५

चि. ओतोस,
ताईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त, कारण तुला ते लागणार आहेत.

तुझं पत्र ऐकून आमचे हे हसता हसता झोपाळ्यातून पडायचे राहिले. मला मात्र घाम फुटला. इथे तो बारा महिने फुटतो, पण हा निराळा होता. तू आत्ता काय करत असशील ते मला इथून दिसतंय. शाईची दौत उघडी आहे, आणि तू त्या चुकांना नंबर घालतो आहेस.

नऊ वर्षांचा असताना तू इन्स्पेक्टरसमोर मास्तरांची लढाईची तारीख दुरुस्त केलीस. तारीख तुझीच बरोबर होती. शाळा मात्र त्या दिवशी सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं मी स्वतःचं स्वतः शिकलो, हे तू दारात आलेल्या प्रत्येकाला सांगतोस. का शिकावं लागलं ते कुणाला सांगत नाहीस.

तर ऐक, बाबा. ती चूक त्यांची आहे, त्यांच्याचकडे राहू दे. ज्या यादीत तुझं एकही पुस्तक सापडत नाही, तिच्यापुढे रोज मेणबत्ती लाव. तुझ्या कादंबऱ्या घेतात गावातली अकरा माणसं. दुकान चालतं वह्या, धर्मशिक्षणाची पुस्तकं आणि पहिल्या कम्युनियनची चित्रं नेणाऱ्या आयांवर. आणि आया फादरांचं ऐकतात.

अम्पारोला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस. माझ्यावर माया असेल तर दौतीला बूच लाव.
ताई


सांता एदुविहेस,
४ मार्च १९५५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मंगळवारी आलं. माझं फादरांना सोमवारी गेलं होतं.

पाच पानं झाली. प्रत्येक पुस्तकाचा खरा लेखक, प्रकाशक, शहर, साल, पृष्ठसंख्या. हेतू टोचण्याचा होता. वाटलं, फादर लाजतील आणि यादी गुपचूप उतरवतील. फादर लाजले नाहीत. स्वतः दुकानात आले, चीज बुडवून कपभर चॉकलेट घेतलं, आणि म्हणाले की सेन्योर आरोयावे, सेमिनरीत सात वर्षं काढून मला असं टिपण जमलं नसतं. ताई, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. लॅटिन शिकलेल्या माणसाने मला काही विचारावं, ही पहिलीच वेळ.

आणखी अशी असतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्धवट यादी कुणाच्या कामाची नाही. पण आधी मंडळाचे नियम लेखी मागून घेतले, कारण तेही ढिसाळ होते. मग दोन्या क्लोतिल्दे म्हणाल्या की एवढं सगळं वाचत बसलो तर घरी घेवडा कोण शिजवणार, तेव्हा वाईट पानांचे तेवढे आकडे मिळाले तर बरं पडेल. ते दिले. आवृत्तीगणिक पानं बदलतात, म्हणून दोन्ही आवृत्त्यांचे दिले.

मधमाश्यांचं पुस्तक सुटलं, हे समाधान थोडं नाही.

राग आला असेल तर तोही पत्रातूनच कळव, मौनातून नको.
ओतोनिएल


बारांकिया,
२ एप्रिल १९५५

चि. ओतोस आशीर्वाद. राग खाली येईलच.

पानांचे आकडे दिलेस तू. मी हे वाक्य तीनदा वाचलं आणि मग यांच्याकडून वाचून घेतलं, की माझ्या डोळ्यांचा दोष असावा.

तुमची यादी छापून इथवर आली आहे. शेजारणीने ती हौसेने मला आणून दिली. शेवटी बारीक अक्षरात आहे, की सेन्योर ओतोनिएल आरोयावे यांच्या विद्वान साहाय्याने. तुझं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं आणि मला क्षणभर अभिमान वाटला. ही शरमेची गोष्ट मी घरात बोललेली नाही.

अम्पारोचं मला वेगळं पत्र आहे. तीन आठवड्यांत एक वहीसुद्धा गेली नाही म्हणते, आणि तू दिवसभर धूळ झटकतोस म्हणते. खरं काय ते लिही. आकड्यांशिवाय.

काळजीत असलेली,
ताई


सांता एदुविहेस,
२० एप्रिल १९५५

ती. ताईस सा. न.

आकड्यांशिवाय मला लिहिता येत नाही, हे तू जाणतेस.

यादी सदुसष्टांची झाली. चौसष्ट माझ्याकडे होती. ती मी मुकाट्याने बाजूला काढून मंडळाच्या हातगाडीत घातली असती, आणि वह्या विकत बसलो असतो. पण फादरांनी वेदीवरून सांगितलं, की ज्या घरचं माणूस माझ्या दुकानाची पायरी चढेल त्या घरच्या लेकराला मे महिन्यात पहिलं कम्युनियन मिळणार नाही.

मी भेटायला गेलो. फार आदराने बोलले. म्हणाले, सेन्योर, एकशे बेचाळिसाव्या पानावर काय आहे ते ज्याला ठाऊक, त्याने ते पान वाचलेलं आहे. ज्याला दोन्ही आवृत्त्यांतलं ठाऊक, त्याने दोनदा वाचलेलं आहे. अशा माणसाच्या हातून आयांनी वही घ्यावी तरी कशी, तुम्हीच सांगा. ताई, मी पुष्कळ शोधलं. त्यांच्या बोलण्यात मला चूक सापडली नाही.

एलिआसार आता समोरच्या फुटपाथवरून टोपी उचलतो. मास्तर गिल्देर्दो चौकात समोर आले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.

महिनाअखेर दुकान सोडतो आहे. अम्पारोने एकदाही ‘मी सांगत होते’ म्हटलेलं नाही. तूही म्हणू नयेस, एवढीच विनंती.
ओतोनिएल


सांता एदुविहेस,
१२ जून १९५५

ती. ताईस सा. न., वि. वि.

चौसष्ट पुस्तकं मंडळाने नेली. बाकीची मेदेयीनच्या व्यापाऱ्याने वजनावर घेतली; तराजू बरोबर होता. कपाटं भिंतीतली, ती तिथेच राहिली. आता तिथे मूर्तींचं दुकान आहे, आणि कपाटांत प्लास्टरचे संत उंचीप्रमाणे मांडलेले असतात. परवा काचेतून पाहिलं, तर दोघांच्या पाट्या अदलाबदल झालेल्या. मी काही न बोलता पुढे गेलो.

आता एक गोष्ट, फक्त तुला. मंडळाच्या नियमांप्रमाणे यादी अडुसष्टांची हवी होती. माझी शाळा सुटली त्या वर्षी तू चुलीपाशी मला ‘मीठवाले’ ही कादंबरी वाचून दाखवायचीस, आठवतं? शेवटची आठ पानं फाटलेली होती, आणि शेवट तू दर वेळी नवा सांगायचीस. पुढे मला तिची अख्खी प्रत मिळाली. तीत लग्नावाचून नांदणारं जोडपं आहे, पत्ते कुटणारा पाद्री आहे. एकाच पानावर तीन नियम मोडतात. यादीत ती मी घातली नाही. विसरलो नव्हतो. माझ्या नावाने छापलेला तो कागद अपुरा आहे, आणि हे मला अजून खुपतं, पण खुपू दे.

ती प्रत तुला पाठवली आहे. पोस्टात पुडक्यावर आत काय ते लिहावं लागतं. मी लिहिलं, लोकरीचा स्वेटर, एक. एरिबेर्तो कारकुनाने ते वाचलं, मग खालचं बारांकिया वाचलं, मग पुडक्याचे चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले. आणि म्हणाला की तिकडे यंदा गारठा फार पडलाय म्हणे. शिक्का मारला. मग मान वर न करता विचारलं, की सेन्योर, माझ्या मापाचा एखादा राहिला असेल का घरी. मी म्हटलं, अम्पारोला विचारून सांगतो.

पुस्तक जपून ठेव. शेवटची आठ पानं मात्र वाचू नकोस. तुझे शेवट जास्त चांगले होते. लोभ होता तसाच राहो.

तुझा धाकटा,
ओतोनिएल