रिकामा हात

२ जानेवारी
आलो एकदाचे! गल्लीतलं एकूण एक घर शंभरी ओलांडलेलं, आणि त्यांत माझं नवं घर घुसवायचं. जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीची अट एकच, दर्शनी भिंतीला हात लावायचा नाही. नाही लावत! मागे काचेच्या खोल्या आणि मधोमध आभाळाला मोकळं अंगण. तोवर आम्ही तिघं पुढच्या दोन खोल्यांत. नवरा म्हणतो, आजवर लोकांची घरं काढताना त्यांच्याशी भांडलीस, आता स्वतःशीच भांड. चार वर्षांच्या बिट्टीने अंगणाची जागा आधीच बळकावली आहे.

१९ जानेवारी
उंचीचा अंदाज यावा म्हणून आम्ही आर्किटेक्ट लोक चित्रात माणसं उभी करतो. समितीला खूश करायला मी याच जागेच्या एका जुन्या फोटोतली बाई गिरवून अंगणात उभी केली. तिने एक हात खाली, पुढे केलेला. पण हातात काहीच नाही. चित्र अर्धवट वाटायला लागलं. मग त्या हातात बिट्टीचा हात दिला. पोरगी काय हुबेहूब उतरली! चित्र एका बैठकीत मंजूर.

६ जून
अंगण तयार झालं. दुपारचं ऊन थेट जमिनीपर्यंत उतरतं. बिट्टी तिथेच खेळते, एक हात सतत वर धरून. विचारलं तर म्हणाली, ती बाई सोडत नाही. मला हसूच आलं.

११ जून
शेजारच्या काकूंना सहज तो फोटो दाखवला. त्यांचा चेहराच उतरला. त्या बाईची मुलगी इथेच नाहीशी झाली होती म्हणे. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोरासमोर हात करायची. ती मरेपर्यंत गल्लीत कुणीही तिच्या हातात आपलं मूल दिलं नाही.
मी दिलं. पोटच्या पोरीला दिलं.

१३ जून
बिट्टीच्या मनगटावर बोटांचे वळ. नवरा म्हणतो, पडली असेल. चित्रातली बाई खोडायला बसले — कागद फाटला, बाई तशीच. फार भीती वाटते आहे.

१४ जून
बिट्टी घरात नाही. नवरा गल्ली पालथी घालतो आहे. अंगण रिकामं — पण काचेत बिट्टी दिसते. रडते आहे. मी काचेवर हात आपटले, तिला ऐकू —

त्याच दिवशी
एकच सुचतंय. चित्रात बिट्टीचा दुसरा हात मोकळा आहे. त्यात माझा डावा हात काढते —
काढला. धरला! खरंच धरला. उजव्याने लिहिते आहे. ओढते आहे तिला —
गार आहे. घट्ट. बिट्टी, सोडू नको —
पण ही बोटं — एवढी लांब — बिट्टीची —