मोडीतली पावती

२ डिसेंबर

साक्षी आली होती. ग्रामसभेची सचिव आता ती. माझीच विद्यार्थिनी, कविता एकही पाठ नव्हती हिची! जंगलाच्या हक्काचा दावा टाकायचाय, पंधरा तारखेपर्यंत. गाव तेव्हापासून हे जंगल वापरतंय, हे दाखवणारा इंग्रजांच्या वेळचा एक तरी कागद पाहिजे.

"गुरुजी, गावात एकबी कागद नाई! लोकं मेल्यावर सोनं मागं ठेवतात, आपले म्हातारे पावत्या घेऊन गेले!"

खरंच आहे. आपल्याच जंगलातलं लाकूड तोडलं की साहेबाचा दंड. माणूस गेला की दंडाची पावती त्याच्या उशाशी पुरायची — भरलाय बाबा, वर कोणी चोर म्हणू नये. आमच्या गावची रीत.

३ डिसेंबर

माझ्याजवळ एक आहे. आज्याची. बाबांनी मातीत ठेवली नाही, पेटीत ठेवली. मोडी मला वाचता येत नाही. लहानपणी वाटायचं, कविताच असेल! ओळीखाली ओळ. मनाचे शब्द लावून चालीवर म्हणायचो. खाली आज्याचं नाव आहे एवढंच बाबा सांगायचे.

५ डिसेंबर

रुखमाला दाखवली. धाकटी बहीण, पण आवाज मोठा.

"दादा, आज्याले चोर ठरवून राह्यला का तू? गावासमोर?"

"इंग्रजांच्या लेखी चोर."

"मले इंग्रज नको सांगू! लच्छूभाऊ काय म्हणन?"

लच्छू काय म्हणणार? शेजारी, पहिलीपासूनचा मित्र. त्याच्या आज्याला तर जंगलाच्या नाकेदाराने लाकडापायी इतकं मारलं की हात कायमचा गेला. देऊन टाकतो पावती. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही.

९ डिसेंबर

साक्षीसोबत जीपने ब्रह्मपुरी. मोडी वाचणारे एक सर आहेत तिथे. साल १९२६. जंगल आपल्याच गावचं. "पुरावा पक्का!" साक्षी खुर्चीवरून उठलीच. सर पुढे वाचत राहिले.

दंड लच्छूच्या आज्याला. आज्याचं नाव खाली — खबर देणारा, नक्कल त्याला.

परतीची जीप. बाहेर धानाच्या गंज्या.

१० डिसेंबर

लच्छूला सांगितलं. अंगणात विळ्याला धार लावत होता, लावतच राहिला.

"टाक ना दाव्यात. माहीत हाय मले. तुह्या आज्याले नाकेदारानं पह्यले दोन दिवस बांधून ठेवलं, तवा त्यानं माह्या आज्याचं नाव घेतलं. आमच्या घरी लेकरायलेबी ठाऊक हाय. तुह्या बाबानं तुले नाई सांगतलं?"