त्यात मी आहे का?

प्रिय आत्या,

आज शनिवार, दुपारचे सव्वातीन. मी तुझ्या घरात, तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले आहे आणि माझ्या दोघी पोरी समोरच्या टॉवरमध्ये त्यांच्या बाबाच्या, समीरच्या डोक्यावर बसल्या आहेत. तू गेल्याला अडीच महिने झाले. त्यानंतर आज पहिल्यांदाच इथे लिहायला आले. लिहायचं होतं कादंबरीचं नववं प्रकरण, पण मंगळवारी आमच्या मुक्ताने जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय हात पुढे सरकेना. समीरला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बरोबरच आहे तिचं." झालं, विषय संपला! "मग? मग तू काय म्हणालीस? त्यावर ती काय म्हणाली?" असं खोदून खोदून विचारणारं आता कोण आहे गं मला?

घराची चावी दादाने माझ्याकडेच ठेवली आहे. बंगळुरूला परत जाताना म्हणाला, "आईचं घर बंद ठेवण्यापेक्षा तू बस तिथे. तिला तेच आवडलं असतं." मी मान डोलावली आणि अडीच महिने इकडे फिरकले नाही. रागावू नकोस.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? ओवी सहा महिन्यांची होती, मुक्ता साडेचार वर्षांची. मी तुझ्याकडे येऊन भोकाड पसरलं होतं की माझं लिहिणं संपलं, आता जन्मभर डायपर आणि डबे. तू शांतपणे चहा गाळत म्हणालीस, "रड, पण पाच मिनिटं. मग मी सांगते ते ऐक." आणि तू सांगितलंस ते असलं अजब होतं! रोज तीन ते पाच मी तुझ्या घरी यायचं आणि तू माझ्या घरी जायचं. घरांची अदलाबदल! आपण दोघी खाली गार्डच्या केबिनपाशी भेटायचो, चाव्या बदलायचो आणि उलट्या दिशेला चालू लागायचो. शेवटी त्या गार्डला राहवलं नाही. "आंटीजी, आप दोनों रोज़ घर क्यों बदलते हो?" तू म्हणालीस, "भैया, इसके घर में शोर है, मेरे घर में सन्नाटा. बाँट लेते हैं."

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर तुझ्या सिंकमधली भांडी घासली, ओटा पुसला, गॅसमागची भिंतसुद्धा घासून काढली. घरात पाऊल टाकलं की हात आपोआप कामाला लागतात त्याला मी काय करू? पाच वाजता तू पोरींना घेऊन आलीस, लखलखीत ओट्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "किती ओळी?" पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं पोरांना थरथर कापायला लावलेला तो आवाज! मी पुटपुटले, "तीन." "ओटा घासायला माझ्याकडे बाई आहे. गोष्टी लिहायला नाहीये. उद्यापासून स्वयंपाकघरात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!"

आणि राजम्याचं काय? ओवीने नाकात राजमा घातला, तू तिला कडेवर घेऊन, मुक्ताला हाताला धरून डॉक्टरकडे गेलीस, तो काढून आणलास, आणि मला फोन नाही! पाच वाजता घरी पोहोचले तर ओवी मजेत केळं खातेय आणि राजमा वाटीत ठेवलेला. मी किंचाळलेच. "मला बोलावलं का नाहीस?" तू म्हणालीस, "राजमा तिच्या नाकात होता, तुझ्या कादंबरीत नव्हता. तू येऊन काय केलं असतंस?" आत्या, तेव्हा मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. त्या दुपारी मी सहा पानं लिहिली होती, हे मात्र मी तुला कधीच सांगितलं नाही. आता सांगते.

बरं, आता मुक्ताची गोष्ट. तुझ्यावर थोडा राग आहे, तोही काढते.

तुला तिचं मराठी माहीत आहेच. "आत्याआजी, मी ना, खूप थकून गेली यार!" सत्तरीच्या बाईला यार! तू हसून हसून बेजार व्हायचीस आणि मग तिला समोर बसवून मराठी वाचायला शिकवायचीस. मी मनात म्हणायचे, कशाला एवढा खटाटोप? खरं सांगू? मला ते सोयीचंच होतं. पुण्यामुंबईच्या लेखिकांची पोरं मोठी होतात आणि आईचं सगळं वाचतात. माझ्या पोरी दिल्लीच्या. अक्षरं ओळखीची असली तरी निम्मे शब्द डोक्यावरून जाणार. त्यामुळे मी बिनधास्त होते. मुक्ता काय बोलली, कुठे पडली, कशाला घाबरली, सगळं उचलून कथेत घातलं. विचारायचं कशाला? ती थोडीच वाचणार आहे!

सोसायटीच्या गणपतीतला तो कार्यक्रमही मी असाच उचलला. मुक्ता साडेपाच वर्षांची होती, भाज्यांच्या नाटुकल्यात दुधी झाली होती. हिरवा कागद गुंडाळलेली माझी पोर स्टेजवर आली, वाक्य विसरली, "मुझे घर जाना है" म्हणाली आणि उभ्या जागी शू केली. पुढचं तू पाहिलं होतंस. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "ही कोणाची हो मुलगी?" आणि मी मोबाइलमध्ये बघत राहिले. उठलीस तू. गुडघे दुखत असताना स्टेजच्या पायऱ्या चढलीस आणि दुधी काखेत मारून घेऊन आलीस. त्याबद्दल तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मी त्याची कथा केली. मुलीचं नाव मिनी ठेवलं, दुधीचं वांगं केलं आणि गेल्या दिवाळी अंकात छापून मोकळी झाले. आता कोण ओळखणार, नाही का!

मंगळवारी दुपारी मुक्ता शाळेतून आली, जेवायला बसली. मी सहज म्हटलं, "ह्या शनिवारपासून मी आत्याआजीच्या घरी लिहायला जाणार आहे हं पुन्हा. पुस्तक पूर्ण करायचंय."

तिने घास खाली ठेवला. "त्यात मी आहे का?"

"नाही गं. ती गोष्ट असते, सगळं खोटं."

ती उठली, आत गेली आणि तो दिवाळी अंक घेऊन आली. माझी कथा उघडून समोर ठेवली. कठीण शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा आणि बाजूला तुझ्या गोल अक्षरात अर्थ. आत्या! तू तिला माझीच कथा धडा म्हणून दिलीस? नववीतल्या मुलीला दिली असतीस तर समजू शकले असते. ही थर्डमध्ये आहे!

"वांगं केलंस तरी मीच आहे," मुक्ता म्हणाली. "मला लगेच कळलं."

मला वाटलं, आता म्हणेल की तू सगळ्यांना माझी शू का सांगितलीस. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "आई कानकोंडी होऊन मोबाइलमध्ये बघत राहिली."

"कानकोंडी म्हणजे मला माहितीये. लाज वाटते आणि कुठे बघायचं ते कळत नाही तेव्हा. आत्याआजीने सांगितलं." मग अंकातून मान वर करून, "तू खरंच माझ्याकडे बघत नव्हतीस?"

"आत्याआजीला नाही विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, हे आईलाच विचार. मनात येईल तेव्हा विचार."

खोटं रचणं हा माझा धंदा आहे. "अगं, गोष्टीसाठी तसं लिहिलं, मी तर तुझ्याकडेच बघत होते," एवढं एकच वाक्य पुरलं असतं आणि तिने ते मानलंही असतं. पण समोर ते आठ वर्षांचं तोंड, ओठाला वरण लागलेलं. नाही जमलं मला. मी म्हटलं, "नव्हते बघत. मला लाज वाटली, मुक्ता. मी उठायला हवं होतं, नाही उठले. चुकलं माझं."

तिने ओठावरचं वरण पुसलं. मग म्हणाली, "मी पण तुझ्याकडे नव्हते बघत. मला वाटलं तू ओरडशील." आणि पुन्हा जेवू लागली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या तशी वैतागून म्हणाली, "यार आई, रडू नको ना! वरण दे."

पण सोडलं नाही हं तिने. जेवण झाल्यावर बजावलं, "आता मला आधी विचारायचं. मी आहे तिथे तिथे."

कादंबरीत ती कुठे नाही, सांग! बुधवारपासून रोज दुपारी मी तिला वाचून दाखवते आहे. ओवी मांडीत झोपलेली, मुक्ता समोर हाताची घडी घालून बसलेली, अगदी इन्स्पेक्टर! बऱ्याच गोष्टींना तिने हरकत घेतली नाही. काही ठिकाणी म्हणाली, "अच्छा, हे मी बोलले होते? मस्त आहे!" पण काल पाचवं प्रकरण आलं. मोठी बहीण बाहुलीला सांगते की मला हे बाळ नकोय, त्याला परत देऊन या, ती दोन पानं. तुला किती आवडली होती! तू ती दोनदा वाचून घेतली होतीस माझ्याकडून. मुक्ता म्हणाली, "हे काढ."

"अगं, पण तू किती लहान होतीस तेव्हा. कोणी तुला वाईट म्हणणार नाही."

"माझ्यासाठी नाही. ओवीला वाचता यायला लागलं की तिला वाईट वाटेल."

सांग आत्या, चाळिशीच्या लेखिकेला हे सुचू नये? मी थोडा वाद घातला, खोटं कशाला बोलू. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं होती ती. मग काढली. दुसरं काहीतरी लिहीन तिथे. त्याच्याइतकं जमेल असं आत्ता तरी वाटत नाही, पण कादंबरी सोडणार नाही.

तू तिला ती कथा मुद्दामच वाचायला दिलीस ना? माझी खात्री आहे. राग आहे माझा, पण तू समोर असतीस तर आधी गळ्यात पडले असते. फार आठवण येते गं. तीन वाजले की पाय आपोआप गार्डच्या केबिनकडे वळतात.

तुला वचन देते. पोरींच्या आयुष्यातलं काही घेतलं तर त्यांना आधी विचारीन, आणि त्या नको म्हणाल्या तर ते पान जाईल, कितीही छान जमलेलं असो. ओवीलाही मी स्वतः मराठी वाचायला शिकवीन, म्हणजे माझी पळवाट कायमची बंद. आणि पुस्तक पूर्ण करीन. आज निघताना मुक्ताने दारात अडवून विचारलंच, "आज काय लिहिणार? त्यात मी आहे का?" मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, "नाही! नवव्या प्रकरणात तू अजिबात नाहीस." तर तिचा चेहराच पडला.

"का? मग मी परत कधी येणार?"

तुझी भाची,
अनू